स्नोब्लोअरला दिवे बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिवाळ्यात दिवस लहान असतो आणि बर्फ काढायची वेळ नेमकी त्याच्या दोन्ही टोकांना येते: कामावर जाण्याआधी पहाटे, किंवा परत आल्यावर अंधार पडल्यावर. त्यामुळे स्नोब्लोअरला, म्हणजे बर्फ काढायच्या यंत्राला, नीट दिवे असणं ही चैन नाही. हे यंत्र समोर जे येईल ते ओढून घेतं आणि कित्येक मीटर लांब भिरकावतं. ते काय गिळतंय आणि कुठे फेकतंय, दोन्ही दिसायला हवं. पुढचे प्रश्न दिवे निवडताना, बसवताना आणि जोडताना हमखास पडणारे आहेत. त्या सगळ्यांच्या मुळाशी माझं एकच म्हणणं आहे: दिवा किती वॅटचा आहे यापेक्षा तो कुठे बसवला आहे याला जास्त महत्त्व द्या.

यंत्रावर कंपनीचा एक दिवा आहेच. आणखी कशाला हवेत?

तो दिवा चालू करून, अंधारात हँडलमागे उभं राहून एकदा नीट पाहा. बहुतेक यंत्रांवर तो हँडलच्या मधोमध, कंट्रोल पॅनलवर असतो. त्याच्या बरोबर पुढे बर्फ फेकणारी च्यूट उभी असते आणि तिच्याखाली ऑगरची, म्हणजे बर्फ आत ओढणाऱ्या फिरत्या स्क्रूची, रुंद पेटी. दिव्याचा बराचसा उजेड च्यूटच्या पाठीवर पडतो आणि जिथे जमीन दिसायला हवी तिथेच च्यूटची सावली. पेटीच्या दोन्ही कडा तर जवळपास अंधारातच राहतात, आणि वाफ्याची कड, पायरीचा कोपरा, फरसबंदीचा उचकटलेला दगड हे सगळं त्या कडांनाच आदळतं.

जुन्या यंत्रांत हा दिवा फिलामेंटचा, साधारण १८ ते ३० वॅटच्या आतला असतो. इंजिनाची गती कमी झाली की तोही मंदावतो. थोडक्यात, आहे तो दिवा राहू द्या, पण त्याच्यावर विसंबू नका.

दिवे नेमके कुठे बसवावेत?

दोन दिवे, दोन्ही बाजूंना, शक्य तितके खाली, आणि पेटीच्या थोडे मागे. हे माझं आवडतं उत्तर आहे आणि त्याला कारण आहे.

बर्फ पांढरा असतो. डोळ्याच्या रेषेतून किंवा डोळ्याजवळून त्याच्यावर उजेड टाकला तर सावल्या वस्तूंच्या मागे लपतात आणि सगळं सपाट दिसतं. चाकाने पडलेली चर, गोठून टणक झालेला ढिगारा, बर्फाखालून डोकावणारी पाण्याची नळी, काहीच उठून दिसत नाही. तोच उजेड जमिनीपासून दीड-दोन फुटांवरून तिरपा आला, तर प्रत्येक उंचवट्याला लांब सावली पडते आणि जमिनीचा पोत लगेच वाचता येतो. दुप्पट वॅटचा दिवा वर बसवून हे मिळत नाही.

व्यवहारात जागा यंत्रावर अवलंबून असते. हँडलचे दोन दांडे जिथे खाली इंजिनाच्या दोन्ही अंगांना येतात, तिथे पाइपला लावायचा गोल क्लॅम्प चांगला बसतो. क्लॅम्प घेण्याआधी पाइपचा व्यास मोजा. २२ आणि २५ मिलिमीटर या दोन मापांत गफलत सहज होते. ऑगरच्या पेटीच्या वरच्या कडेला लोखंडी पट्टीचा कंस लावूनही दिवा बसवता येतो. मात्र भोक पाडण्याआधी पत्र्याच्या आतल्या बाजूला काय आहे ते बघा. आत इम्पेलर (बर्फ च्यूटमधून फेकणारा पंखा) फिरत असेल तर बोल्टचं टोक त्याच्या वाटेत येता कामा नये. पेट्रोलच्या टाकीजवळ ड्रिल चालवायचंच नाही.

च्यूटवर दिवा लावायची कल्पना मोहक वाटते, कारण जिथे बर्फ फेकतोय तिथे उजेड आपोआप वळेल. पण च्यूट फिरते, तार पिळते, आणि काही आठवड्यांत तुटते. शिवाय उडणाऱ्या बर्फाच्या फवाऱ्यालाच उजेड लागून डोळे दिपतात. फेकीची बाजू बघायला हँडलवर एक वेगळा, हाताने वळवता येणारा छोटा दिवा पुरतो.

जोराचा बर्फ पडत असताना दिवा लावला की समोर पांढरी भिंतच उभी राहते. काय करावं?

धुक्यात गाडीचा अप्पर लावल्यावर जे होतं, तेच इथे होतं. दिव्याचा उजेड जवळच्या बर्फकणांवर आपटून सरळ डोळ्यांत परततो. दिवा डोळ्यांच्या जितका जवळ, तितका हा त्रास जास्त. म्हणून पुन्हा तेच: दिवे खाली आणि बाजूला, झोत जमिनीकडे झुकवलेला. झोताची वरची कड कमरेच्या वर जाऊ नये.

रंगाचाही थोडा फरक पडतो. अगदी निळसर पांढरा, म्हणजे ६००० केल्विनच्या (उजेडाच्या रंगछटेचं माप) पुढचा एलईडी अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना जास्त खुपतो. ३००० ते ४००० केल्विनचा उबदार पांढरा मला बर्फात जास्त सुसह्य वाटतो. पिवळा दिवा धुकं किंवा बर्फ 'भेदून' जातो असं म्हणतात, त्यावर फार भरवसा ठेवू नका. बर्फाचे कण प्रकाशाच्या लहरींच्या मानाने इतके मोठे असतात की ते सगळे रंग जवळपास सारखेच परतवतात. पिवळ्याने डोळ्याला आराम मिळतो, भेदकता नाही.

किती उजेड पुरे?

तुम्ही चालण्याच्या गतीने जाता. समोर चार-पाच मीटर आणि दोन्ही बाजूंना एखाद-दीड मीटर लख्ख दिसलं की काम होतं. दूरवर जाणारा बारीक झोत इथे निरुपयोगी आहे. पसरट, ६० अंश किंवा त्याहून रुंद झोताचा दिवा घ्या. प्रत्यक्ष ८०० ते १००० ल्युमेनचे (ल्युमेन म्हणजे एकूण उजेडाचं माप) दोन दिवे भरपूर होतात.

'प्रत्यक्ष' म्हणण्याचं कारण असं की खोक्यावरचे ल्युमेन अनेकदा फुगवलेले असतात. पडताळा सोपा आहे. या प्रकारच्या दिव्यांत एका वॅटमागे साधारण ८० ते १०० ल्युमेन धरा. दहा वॅटचा दिवा पाच हजार ल्युमेनचा दावा करत असेल तर दुसरा बघा.

डोक्याला लावायचा टॉर्च वापरला तर? एवढी खटपट तरी वाचेल.

जवळ असायलाच हवा, पण मुख्य दिवा म्हणून नको. तो डोळ्यांच्या अगदी वर असतो, त्यामुळे वर सांगितलेले दोन्ही दोष त्यात पुरेपूर आहेत: सपाट दृश्य आणि पडत्या बर्फाची चकाकी. थंडीत तोंडातून निघणारी वाफही त्याच्या झोतात उजळते आणि दर श्वासाला समोर पडदा येतो. पेट्रोल भरताना, शिअर पिन (ऑगर अडकला की मुद्दाम आधी तुटणारी खीळ) बदलताना, एखादा स्क्रू शोधताना मात्र त्याच्यासारखा दुसरा दिवा नाही.

दिव्याला वीज इंजिनमधून मिळते का?

पुष्कळ इंजिनांत मिळते. फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या जड फिरत्या चाकाच्या, आतल्या कडेला चुंबकं असतात आणि त्यांच्या आत एक तांब्याची कॉइल बसवलेली असते. फ्लायव्हील फिरलं की कॉइलमध्ये वीज तयार होते. हिला लायटिंग कॉइल किंवा स्टेटर म्हणतात. मोठ्या, दोन टप्प्यांच्या (ऑगर आणि वेगळा इम्पेलर असलेल्या) यंत्रांवर ती बऱ्याचदा असते. लहान, एका टप्प्याच्या यंत्रांवर बहुधा नसते.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. पहिली, ही वीज एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी, असते आणि बहुतेक वेळा तिच्यावर कसलंही नियंत्रण नसतं. इंजिनाच्या गतीबरोबर व्होल्टेज चढतं-उतरतं. दुसरी, तिची ताकद मर्यादित असते. कॉइल १८ वॅटची असेल तर तिच्यावर ४० वॅटचे दिवे जोडून चाळीस वॅट मिळत नाहीत, दिवे मंद लागतात एवढंच. हँडल गरम ठेवणाऱ्या ग्रिप्स त्याच कॉइलवर असतील तर त्यांचा वाटा आधी वजा करा. तो दिव्यांपेक्षा मोठा असू शकतो.

कॉइल आहे की नाही आणि ती किती देते, हे कसं ओळखायचं?

इंजिनाच्या वरच्या आवरणाखालून, टोकाला कनेक्टर असलेली आणि कशालाच न जोडलेली एक किंवा दोन तारांची शेपटी बाहेर आली असेल, तर ती बहुधा लायटिंग कॉइलचीच. पण 'बहुधा'वर काम करू नका. तारांचे रंग कंपनीगणिक बदलतात, म्हणून इंजिनाच्या मॉडेल नंबरवरून पुस्तिका काढा आणि त्यातली आकृती पाहा.

इथे एक खरा धोका आहे. त्याच भागातून इंजिन बंद करणारी तारही येते, म्हणजे स्विचपासून इग्निशन कॉइलकडे जाणारी. तिला चुकून दिवा जोडला तर इंजिन सुरूच होणार नाही. तिला बॅटरी जोडली तर इग्निशन कॉइल जळू शकते. या तारेला कधीच हात लावायचा नाही.

तार ओळखली की मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा. यंत्र उघड्यावर न्या, इंजिन पूर्ण गतीवर आणा, ऑगरची क्लच मात्र सोडलेलीच. तारा दोन असतील तर दोन्हींमध्ये मोजा, एकच असेल तर ती आणि इंजिनाचा स्वच्छ धातू यांच्यामध्ये. दिवा न जोडता आलेला आकडा अपेक्षेपेक्षा बराच मोठा दिसेल. भार पडला की तो उतरतो. तरी हा मोठा आकडा लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

एलईडी दिवा सरळ कॉइलला जोडला. लागतो, पण लुकलुकतो. चालेल का?

नाही. साध्या फिलामेंटच्या किंवा हॅलोजन दिव्याला एसी-डीसीचा फरक कळत नाही, कारण तार तापलेली राहते. एलईडी एकाच दिशेने चालतो. लाटेच्या उलट्या अर्ध्या भागात तो विझतो. काही दिवे त्यात लवकर मरतात.

त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे लुकलुकता उजेड फिरणाऱ्या वस्तूबद्दल डोळ्याला फसवतो. उजेडाची उघडझाप आणि फिरण्याची गती यांचा मेळ बसला तर फिरतं पातं थांबल्यासारखं किंवा हळू उलटं फिरल्यासारखं दिसतं. ऑगर आणि इम्पेलर असलेल्या यंत्रावर असा उजेड मला एक रात्रही नको.

दिव्यावर 'एसी/डीसी' असं स्पष्ट लिहिलं असेल तर त्याच्या आतच रेक्टिफायर (एसीचं एकाच दिशेने वाहणाऱ्या डीसीत रूपांतर करणारा भाग) असतो, पण लुकलुक पूर्ण जाईलच असं नाही. तेव्हा बाहेरून जोडणी करणंच बरं.

मग जोडणी कशी करायची?

कॉइल, स्विच, ब्रिज रेक्टिफायर, कपॅसिटर, दिवा, या क्रमाने. चार डायोडचा तयार ब्रिज रेक्टिफायर धातूच्या चौकोनी डबीत मिळतो. 'केबीपीसी ३५१०' हा सहज सापडणारा प्रकार ३५ अँपियरचा आहे, म्हणजे गरजेच्या कितीतरी पट. मोठा घेण्याचा फायदा असा की तो तापत नाही आणि मधल्या भोकातून बोल्टने घट्ट बसवता येतो. त्याच्यात सुमारे १.४ व्होल्ट खर्च होतात. दीड अँपियरच्या दिव्यांना म्हणजे दोनेक वॅटची उष्णता, ती पत्र्यात सहज जिरते.

कपॅसिटर लाटांमधले खड्डे भरतो. इंजिन मिनिटाला ३६०० फेऱ्या करतं, म्हणजे सेकंदाला ६०. फ्लायव्हीलमध्ये चुंबकांच्या जितक्या जोड्या, तितक्या लाटा एका फेरीत. जोड्या जास्त असतील तर हजार-दोन हजार मायक्रोफॅरड पुरतात. एकच जोडी असेल आणि दिवे दीड अँपियर घेत असतील तर पाच-सहा हजारांपर्यंत जावं लागतं. कपॅसिटरच्या अधिक-उण्याची खात्री करा. उलटा जोडलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर फुटतो.

आता तो लिहून ठेवलेला आकडा. एसीचं मोजलेलं व्होल्टेज गुणिले १.४१, वजा १.४, एवढं डीसी कपॅसिटरवर चढू शकतं. भार नसताना २४ व्होल्ट मोजले असतील तर ते साडेबत्तीसच्या आसपास जातं. '९ ते ३२ व्होल्ट' लिहिलेला दिवासुद्धा इथे काठावर येतो. म्हणून स्विच रेक्टिफायरच्या आधी, कॉइलच्या बाजूला लावा. स्विच दिव्याच्या बाजूला लावला तर दिवे बंद असताना कपॅसिटर वरच्या व्होल्टेजपर्यंत भरून बसतो आणि चालू करताक्षणी ते सगळं दिव्यावर येतं. कपॅसिटर ५० किंवा ६३ व्होल्टचा घ्या.

आकडा याहून मोठा असेल तर नुसत्या रेक्टिफायरवर भागवू नका, व्होल्टेजही आटोक्यात ठेवणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर वापरा. मोटारसायकलींसाठी मिळणारे अनेक प्रकार चालतात, मात्र त्यांतल्या काहींना बॅटरी जोडलेली लागते. सोबतचं सूचनापत्रक वाचूनच निवडा.

रेक्टिफायर लावल्यावर तो फार तापतो, दिवाही मंद लागतो. काय चुकलं असेल?

दहापैकी नऊ वेळा निगेटिव्ह तार यंत्राच्या सांगाड्याला लावलेली असते. गाडीत तशी सवय असते, म्हणून हात आपोआप तिकडे जातो. पण एकाच तारेच्या कॉइलचं दुसरं टोक आधीच इंजिनाच्या धातूला जोडलेलं असतं. ब्रिजची निगेटिव्हही त्याच धातूला लावली की लाटेच्या एका अर्ध्या भागात कॉइल एकाच डायोडमधून शॉर्ट होते.

अशा इंजिनावर रेक्टिफायरपासून दिव्यापर्यंत दोन्ही तारा वेगळ्या न्यायच्या, एकही सांगाड्याला नाही. दिव्याची धातूची डबी आतून निगेटिव्हला जोडलेली नाही ना, हेही मल्टिमीटरने तपासा. जोडलेली असेल तर दिवा रबराच्या किंवा प्लास्टिकच्या वॉशरवर बसवून सांगाड्यापासून तोडा.

इंजिन हळू चालवलं की दिवे मंद होतात. बिघाड आहे का?

नाही. कॉइलचं व्होल्टेज गतीवर अवलंबून असतं. बर्फ काढताना इंजिन तसंही पूर्ण गतीवरच चालवायचं असतं.

माझ्या इंजिनात कॉइलच नाही. नंतर बसवता येते?

काही इंजिनांत येते. आधी हे बघा की फ्लायव्हीलच्या आतल्या कडेला चुंबकांचं कडं आहे का. बाहेरच्या बाजूचं एकटं चुंबक इग्निशनसाठी असतं. आत चुंबकं नसतील तर कॉइल बसवून वीज मिळणार नाही आणि फ्लायव्हीलही बदलावं लागेल.

फ्लायव्हील काढणं हे पुलरचं (खेचून काढायच्या अवजाराचं) काम आहे, हातोडीचं नाही. परत बसवताना त्याची छोटी चावी नीट खोबणीत हवी. ती जरा जरी सरकली तर ठिणगीची वेळ चुकते. नट पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनेच आवळायचा, आणि इग्निशन कॉइल सैल केली असेल तर तिच्यात आणि फ्लायव्हीलमध्ये दिलेलं अंतर पुन्हा जुळवायचं. हे सगळं पूर्वी केलेलं नसेल तर बॅटरीचा मार्ग धरा. दोन दिव्यांसाठी चांगलं चालणारं इंजिन उघडणं मला पटत नाही.

बॅटरीवर दिवे किती वेळ चालतील?

कागदावरचा हिशोब आणि गारठ्यातला हिशोब वेगळा असतो. १२ व्होल्ट, ७ अँपियर-अवरची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी म्हणजे ८४ वॅट-अवर. २० वॅटच्या दिव्यांना कागदावर चार तास. पण उणे २० अंशांत तिची क्षमता जवळपास अर्ध्यावर येते, आणि ती अर्ध्याहून जास्त रिकामी करत राहिलं तर आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे भरवशाने साधारण तासभर. अंगण आणि गाडीची वाट साफ करायला बहुतेकदा तेवढा पुरतो.

लिथियम बॅटरी हलकी आणि कंपन सोसणारी असते. मात्र लिथियमची बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायची नाही. आत कायमचं नुकसान होतं आणि ते बाहेरून दिसत नाही. थंडीतून आणलेली बॅटरी घरात खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच चार्जर लावा. म्हणूनच कॉइलवरून यंत्रावरच चार्ज होणारी लिथियम बॅटरी मी सुचवत नाही.

कोणतीही बॅटरी असो, फ्यूज तिच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतरात हवा. तार कुठे घासून उघडी पडली तर तुम्ही आणि आग यांच्यात त्या फ्यूजशिवाय दुसरं काही नसतं. दोन अँपियर घेणाऱ्या दिव्यांना तीन किंवा पाच अँपियरचा फ्यूज बरोबर.

स्नोब्लोअर विजेवर किंवा स्वतःच्या बॅटरीवर चालतो. त्यातूनच दिव्याला वीज घेऊ का?

नको. घरच्या विजेवर चालणाऱ्या यंत्राची पेटी उघडून आत जोड देणं म्हणजे ओल्या बर्फात उभं राहून मुख्य विजेशी खेळणं. बॅटरीच्या यंत्राचा पॅक ४०, ५६ किंवा ८० व्होल्टचा असतो, १२ व्होल्टचा दिवा त्यावर टिकत नाही. शिवाय पॅकमधलं इलेक्ट्रॉनिक्स अशी परकी जोडणी ओळखून यंत्रच बंद करू शकतं, आणि वॉरंटी जाते ती वेगळीच. अशा यंत्रांवर स्वतःची बॅटरी असलेले चार्जिंगचे दिवे क्लॅम्पने लावा.

तारा आणि जोड हिवाळाभर टिकावेत म्हणून काय काळजी घ्यावी?

इथे घाई केलेली लगेच कळते. एक चौरस मिलिमीटरची, अनेक बारीक तारांची वायर घ्या. एकेरी जाड तार कंपनाने मोडते. साधं पीव्हीसीचं आवरण कडाक्याच्या थंडीत ताठ होतं आणि वाकवलं की तडकतं, सिलिकॉनचं मऊ राहतं. जोड नुसते पिळून टेप गुंडाळू नका. टेप गारठ्यात सुटतो. दाबून बसवायचे कनेक्टर वापरा आणि त्यावर आतून गोंद असलेली, तापवल्यावर आवळणारी नळी चढवा.

वाट ठरवताना सायलेन्सर, बेल्टचं आवरण आणि च्यूट फिरवणारा दांडा यांपासून लांब राहा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हँडलवरचे दोन लिव्हर. ते सोडताक्षणी यंत्र थांबलं पाहिजे. तार किंवा तिचा पट्टा या लिव्हरच्या केबलला कुठेही अडत नाही ना, हे दोन्ही लिव्हर दहा वेळा दाबून-सोडून पाहा. दिव्यासाठी त्या लिव्हरच्या हालचालीत केसाचाही फरक पडता कामा नये.

रस्त्यावर टाकलेलं मीठ बर्फाबरोबर उडून सगळीकडे बसतं. कनेक्टरमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस भरा, बोल्ट स्टेनलेसचे घ्या, आणि दिवे आयपी ६७ दर्जाचे, म्हणजे धूळ-पाणी आत न शिरणारे. स्विच जाड हातमोज्यांनी दाबता येईल एवढा मोठा असू द्या.

एलईडीच्या काचेवर बर्फ साचून राहतो. हॅलोजनवर असं होत नव्हतं.

बरोबर आहे. हॅलोजन दिवा आपली बहुतेक वीज उष्णतेत घालवतो आणि त्या उष्णतेने काच स्वच्छ राहते. एलईडीची काच गारच राहते; त्याची उष्णता मागच्या पंखांच्या बाजूने जाते. दिव्यावर दोन-तीन सेंटिमीटर पुढे येणारी झापड लावली की पडणारा बर्फ बराच अडतो. काचेला मेणाचा हात दिला तर साचलेला थर बोटाने चटकन निघतो. तरीही दर काही फेऱ्यांनी हात फिरवावा लागेल. पुसण्याआधी ऑगर सोडा आणि यंत्र थांबवा.

दिवे सारखे सैल होतात, एक तर गळूनच पडला.

एका सिलिंडरच्या इंजिनाची थरथर फार असते. नायलॉन घातलेले लॉकनट वापरा, क्लॅम्प आणि पाइपमध्ये रबराची पट्टी द्या. दिवा लांब कंसाच्या टोकाला लटकवू नका. कंस जितका लांब, तितका तो हलतो आणि शेवटी मुळाशी तडकतो. चुंबकाने चिकटणारे दिवे या यंत्रावर टिकत नाहीत. गळून ऑगरपुढे पडले तर तोच दिवा च्यूटमधून बाहेर येईल.

मी इतरांना दिसावं यासाठी वेगळं काही करावं का?

नक्की करावं, आणि हे पुष्कळ जण विसरतात. पुढचे दिवे तुम्हाला जमीन दाखवतात, पण मागून येणाऱ्या गाडीला तुमची फक्त काळी पाठ दिसते. इंजिनाच्या आवाजात तुम्हाला ती गाडी ऐकूही येत नाही. परावर्तक पट्ट्यांचं जाकीट घाला, हँडलच्या मागे आणि यंत्राच्या दोन्ही बाजूंना परावर्तक टेप लावा, आणि मागच्या बाजूला एक छोटा लाल दिवा. लुकलुकणारे पिवळे किंवा निळे दिवे मात्र अनेक देशांत ठरावीक वाहनांनाच राखून ठेवलेले आहेत. तुमच्याकडचा नियम पाहिल्याशिवाय लावू नका.

रस्त्याकडे तोंड करून काम करताना तुमचे दिवे समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जाऊ शकतात. झोत जमिनीकडे झुकवलेला असेल तर हा प्रश्न येत नाही. यंत्र उभं करून, दहा मीटर समोर जाऊन, गाडीत बसल्याच्या उंचीवर वाकून एकदा स्वतः पाहा.

आता एवढा उजेड आहे, तर च्यूटमध्ये अडकलेला बर्फ तिथेच काढू ना?

हाताने कधीच नाही, दिव्यात असो की उन्हात. इंजिन बंद करा, सगळं फिरायचं थांबू द्या, आणि यंत्राबरोबर आलेल्या दांडीनेच बर्फ काढा. इंजिन बंद असतानाही इम्पेलरमध्ये ताण अडकलेला असू शकतो. बर्फ मोकळा होताच तो झटक्याने फिरतो. बोटं गमावण्याचे अपघात असेच होतात. उजेडाने आत्मविश्वास वाढतो, म्हणून हे मुद्दाम सांगतो आहे. कॉइलवरचे दिवे इंजिनाबरोबर विझतात, आणि त्या अंधारासाठीच डोक्याचा टॉर्च जवळ हवा. पेट्रोल भरतानाही तसंच: इंजिन थंड होऊ द्या आणि उजेड टॉर्चचाच घ्या.

जोडणी तपासायला गॅरेजमध्येच इंजिन सुरू केलं तर? बाहेर फार थंडी असते.

करू नका. दार उघडं असलं तरी कार्बन मोनॉक्साइड आत साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. बॅटरीवरचे दिवे आत तपासता येतात, कॉइलवरचे बाहेरच. तारांची सलगता मात्र इंजिन बंद ठेवून मल्टिमीटरने आधीच बघून घ्या म्हणजे बाहेर काम थोडंच उरतं.

हिवाळा संपल्यावर दिव्यांचं काय करायचं?

बॅटरी काढून घरात कोरड्या जागी ठेवा. लेड-ॲसिड असेल तर पूर्ण भरून, आणि मधूनमधून पुन्हा भरत राहा. लिथियम साधारण अर्धी भरलेली. मीठ धुऊन काढा, कनेक्टर उघडून हिरवट गंज दिसतो का बघा, क्लॅम्प आवळा. आणि बर्फ नसताना, दिवसाउजेडी, ज्या वाटेवर यंत्र चालवता ती एकदा चालून या. पाण्याच्या नळाचं तोंड, वाफ्याच्या विटा, उंचावलेली फरशी, जे काही पेटीला अडेल त्याच्या शेजारी परावर्तक टोकाची उंच काठी रोवायची जागा ठरवून ठेवा. जमीन गोठण्याआधी त्या काठ्या रोवल्या की पहिल्याच बर्फाच्या रात्री तुमच्या दिव्यांत त्या दुरून चमकतील.